आणखी दोन पाटे

हेंद्रेपाडा, बदलापूर
शुक्रवार, दुपार

प्रिय नरेंद्रदादा,

जय भीम.

"आमच्या यशोला कितीही काम सांगा, ती नाही म्हणत नाही." बाबांनी हे म्हटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अंबरनाथच्या आपल्या खोलीत त्यांच्या कारखान्यातले सदूकाका आले होते. मी तिसऱ्यांदा चहा घेऊन आले, तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून ते सांगितलं. तू दारात बसून सायकलची चेन पुसत होतास. तू हसून म्हणालास, "मग ही चेनपण तिलाच सांगा." आणि मी ती पुसली. नखांतलं काळं तीन दिवस निघालं नव्हतं, पण मला इतकं भारी वाटलं होतं की शाळेत जाऊन बाबांचं वाक्य मी मैत्रिणींनासुद्धा सांगितलं.

मी हे गाडीच्या केबिनमध्ये बसून लिहिते आहे. बदलापूरच्या पुढे, धुलाईच्या कारखान्याच्या दारात गाडी लावली आहे आणि माल भरायला अजून तासभर तरी आहे. तुझे दाजी आज बरोबर नाहीत, आमची लेक प्रीती त्यांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेली आहे. फोनच केला असता, पण तुझा फोन दुकानात कायम स्पीकरवर असतो आणि तुझ्याआधी तुझा रघु उत्तर देतो. घरून बोलायची तर सोयच नाही. साखरेनं यांचे डोळे नेले तसे कान तिखट झालेत. मोरीत कुजबुजले तरी बाहेरून विचारतात, "कोणाशी बोलतेस गं?" म्हणून चलनबुकातली मागची कोरी पानं फाडली आहेत. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, स्टिअरिंगवर पाटी ठेवून लिहिते आहे.

सोमवारी आम्ही दोघं गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय, हे तुला दाजींनी कळवलंच असेल. मागच्या बाजूला स्प्रिंगचे आणखी दोन पाटे चढवायचे आहेत. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या पाट्यांवर एक जास्तीचा चढवलास, तेव्हा हे स्वतः गाडी चालवत होते. तेव्हाही तू म्हणाला होतास की भरलेली गाडी छान चालेल, रिकामी मात्र दगडासारखी होईल. तू सांगितलंस ते आम्ही ऐकलं होतं. पण तेव्हा रिकाम्या गाडीत मी बसत नव्हते.

आता हा दोन पाट्यांचा विचार कुठून आला ते सांगते. उल्हासनगर कॅम्प तीनचे हितेशशेठ तुला माहीत आहेत, ज्यांच्या शिवलेल्या जीन्स मी इथे धुवायला आणते आणि धुऊन परत नेते. ते भाडं नगावर देतात, वजनावर नाही. सुकी जीन्स असो की ओली, नग तो नगच. सुरुवातीला इथे पाणी काढायचं मशीन चालू होतं, माल निथळून, हलका होऊन यायचा. मग एका दुपारी ते मशीन बिघडलं. शेठची ऑर्डर अडकली होती, कारखान्याचा मुकादम डोक्याला हात लावून बसला होता. मी म्हटलं, ओला द्या, नेते मी. एका दिवसाचीच गोष्ट होती. मशीन चार दिवसांत दुरुस्त झालं, पण शेठना कळलं होतं की ओला मालही येतो आणि भाडं तेच राहतं. विजेचाही खर्च वाचतो, गच्चीवर फुकट वाळतं. तेव्हापासून मी ओल्या जीन्स वाहते. कुणी मला सांगितलं नव्हतं दादा, मीच तोंडानं मागून घेतलं.

मागच्या आठवड्यात शेठ दुकानातून खाली आले, मागच्या फळीवर एक पाय ठेवून दोन उड्या मारल्या आणि म्हणाले, "दीदी, ये तो झूला है! दोन पाटे अजून मारून घ्या, खर्चा मेरा. मग दुपारचा दुसरा चक्करपण तुमचाच." मी काही बोलायच्या आत शेजारच्या सीटवरून हे म्हणाले, "सोमवारीच करून घेतो शेठ, मेहुण्याचंच दुकान आहे." दोघांनी खिडकीतून हात मिळवले. मधे मी होते, त्यांचे हात माझ्या स्टिअरिंगवरूनच गेले.

यांना दोष देऊ नकोस. अठरा वर्षं गाडी चालवलेला माणूस, लायसन्स गेल्यावर सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले ती पोटासाठी, पण त्यांना शेजारी बसवायला लागले ती त्या भिंतीसाठी. आता त्यांना रस्ता दिसत नाही, पण खड्डे पाठ आहेत. फॉरेस्ट नाका आला की मी सांगायच्या आधी म्हणतात, "उजवीकडून घे, डावीकडे गटाराचं झाकण वर आलंय." कॅम्पात एखादा रिक्षावाला आडवा घुसला तर त्याला खिडकीतून अशा शिव्या देतात की तो बिचारा चुकीच्या दिशेला बघत ओरडणाऱ्या या माणसाकडे बघतच राहतो. मला हसू येतं. आणि ते म्हणतात, "हसू नकोस, क्लच सोड." दुसरी फेरी मिळाली म्हणजे त्यांना संध्याकाळपर्यंत ड्रायव्हर राहता येईल. हात मिळवताना त्यांचा चेहरा बघितला असतास तर तूही काही बोलला नसतास.

आणि आईचं तर तुला माहीतच आहे. ती म्हणते, "पोरीच्या हाताला काम आहे, उभ्या बदलापुरात कुणाची बाई अशी गाडी चालवते?" शेजारच्या वेणूबाई येतात त्या म्हणतात, यशोधरा म्हणजे वाघीण. सगळे कौतुकच करतात रे. कुणी मारत नाही, कुणी कोंडून ठेवत नाही. पण सकाळी स्टार्टर मारते तेव्हा मला वाटतं, ही केबिन बाहेरून बंद केली आहे आणि बाहेर उभे राहून सगळे टाळ्या वाजवताहेत.

एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. इथून दोन किलोमीटरवर विठाची रोपवाटिका आहे. आगरी बाई, माझ्याच वयाची, एकटीच बघते सगळं. जाईची, मोगऱ्याची, लिंबाची रोपं करते आणि आठवड्यातून तीन सकाळी उल्हासनगरच्या दुकानांना पाठवते. तिचा टेम्पोवाला गावी गेला म्हणून मी चार फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला अर्ध्या पिशव्यांतली माती सुटली, मोगऱ्याच्या मुळ्या उघड्या पडल्या. विठानं कपाळावर हात मारला, "तुजी गारी लय उरते गो ताई! ही काय जीन्सची गठडी हाय का?" मग ती स्वतः मागे रोपांत जाऊन बसली आणि कॅम्पपर्यंत पिशव्या मांडीत धरून आली. उतरली तेव्हा साडीला सगळी माती. म्हणाली, तुझ्या भावाचं दुकान आहे ना, तो एक पाटा काढून गाडी मऊ करून घे, वर्षभर माझं भाडं तुझं. भाडं कमी आहे. पण रोपांना वजन नसतं दादा. गाडी हळू चालवावी लागते. पाठीमागून ओल्या मातीचा वास येतो, आणि अकरा वाजेपर्यंत मी मोकळी.

मी अजून तिला हो म्हणाले नाही आणि नाहीही. दोन्ही कामं एका गाडीवर होत नाहीत, हे तुला मी काय सांगू? पाटे वाढवले तर तिची रोपं पोहोचणार नाहीत. काढला तर ओला माल भरल्यावर मागचा भाग चाकांना टेकेल. मधलं काहीच नाही. मी रघुला हळूच विचारूनही पाहिलं, तो म्हणाला, "आत्या, गाडी एकतर मालाची असते नाहीतर माणसांची."

आता जे लिहिते आहे ते लिहिताना थांबले होते. तू भाऊ आहेस, तुला सांगायची ही गोष्ट नाही. पण वहिनीला सांगितलं तर ती आईला सांगेल आणि आईनं वेणूबाईंना सांगितलं की ते सगळ्या बिल्डिंगचं होईल. मी तीन महिन्यांपासून सीटवर गोधडीची चौघडी घालून बसते. यांना वाटतं उंची कमी पडते म्हणून. रिकामी गाडी परतीला उडते तेव्हा मी स्टिअरिंगला धरून थोडी उभीच राहते. बाईचं दुखणं आहे. नाव लिहीत नाही, तूही विचारू नकोस. इथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, ऑपरेशन लांबवता येईल, पण उचलणं बंद आणि धक्के बंद. मी विचारलं, धक्के म्हणजे? त्या म्हणाल्या, "तुम्ही काय काम करता?" मी खोटं सांगितलं. म्हटलं, घरीच असते.

त्यांनी लिहून दिलेला कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात आहे, इन्शुरन्सच्या मागे. ते पाकीट हे रोज हातात घेतात, रबर लावून परत ठेवतात. आपली गाडी आणि आपले कागद व्यवस्थित आहेत याचं त्यांना समाधान असतं. आणि तो कागद त्यांच्या बोटांखालून जातो. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी तो तिथे ठेवला, हे मला स्वतःला कबूल करायला महिना लागला.

तू म्हणशील, सांग की त्यांना. सांगितलं तर काय होईल ते मी पुष्कळदा मनात पाहून घेतलं आहे. ते लगेच म्हणतील, बंद कर गाडी, विकून टाक. रागानं नाही, प्रेमानं. आणि पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसतील, आणि मी घरी बसून ती पाठ बघत राहीन. मला गाडी सोडायची नाही, दादा. मला ती मऊ हवी आहे. हे कळायला इतकं अवघड का आहे, कळत नाही. की मीच नीट बोलत नाही? गेल्या मंगळवारी जेवताना मी म्हटलं होतं, "विठाचं काम बघूया का?" तर हे म्हणाले, "मोगरा वाहणार होय आपण?" आणि प्रीती हसली, तर मीही हसले.

बाहेर पोरं बंडलं बांधायला लागली आहेत, पाणी गळतंय. आता भराभर लिहिते.

सोमवारी आम्ही आल्यावर हे तुला सांगतील, नरेंद्र, दोन पाटे टाक. शेठचाही फोन येईल. तू गाडीखाली जाशील, टॉर्च मारून बघशील. दादा, बाहेर आल्यावर तू एवढंच म्हण, "दाजी, या गाडीला आता पाटा वाढवता येत नाही, चॅसिसला धोका आहे. उलट आधीचा एक काढावा लागेल." माझ्या तोंडच्या 'नाही'ला या घरात कुणी 'नाही' समजत नाही. पण तू गाडीच्या बाबतीत बोललास तर हे एक शब्द बोलणार नाहीत. मग मी विठाकडे जाईन. यांना पुढेच बसवीन, खड्डे मोजायला. रोपांच्या गाडीला तर खड्डे सांगणारा माणूस लागतोच. गाडीला आणखी दोन काय, तीन पाटेही चढतील हे मला माहीत आहे. तू खोटं बोलावंस असंच मी मागते आहे. आणि तू नाही म्हणणार, हेही मला माहीत आहे. पाच पाटे मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला तीन पुरतात म्हणून परत पाठवणारा तू, समोरचा दुकानदार तुला हसतो तरी तू तेच करतोस. लोखंडाबद्दल तू कधी कुणाशी खोटं बोलला नाहीस, आंधळ्या होत चाललेल्या मेहुण्याशी कसा बोलशील? तुझ्याजागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं. तरी सोमवारी अकराला मी गाडी तुझ्या दारात उभी करीन आणि तू टॉर्च विझवून उठेपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघत राहीन. एवढं एकदाच माझ्यासाठी खोटं बोल.

तुझीच धाकटी,
यशोधरा