हातमोज्यातलं मटण

इंदूर, जानेवारी १९५३

अम्मी, जहांगीरचा सलाम.

पोटाला मटण मिळतं का, विचारलंस. रोज मिळतं. गिरणीनं मला विकेटमागं चेंडू धरायलाच नोकरीला ठेवलंय. अब्बांचे गुडघे कसे आहेत? मी हिमरूचं कापड विणायला मागावर परत कधी बसणार, असं ते विचारतात, त्याचं उत्तर खाली देतो.

आबेदा, अम्मीला पत्र तूच वाचून दाखवतेस आणि तू मराठी शाळेत जातेस, म्हणून मराठीत लिहितोय. इथून पुढं मनातच वाच. अम्मीनं विचारलं तर म्हण, अक्षर लागत नाय.

मटण मिळतं ते हातमोज्यात घालायला. कच्चा तुकडा तळव्याला असला की चेंडूचा मार कमी लागतो. संध्याकाळी ठेचलेला तुकडा कॅप्टनचा कुत्रा खातो. काल मी रांधायला मागितला, तर कॅप्टन म्हणाला, "मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढतोस?" सगळे हसले, मीपण हसलो.

माझी चार बोटं मोडून वाकडीच जुळलीत. रेशमाचा धागा चिमटीत येत नाय. नवा कीपर आलाय, सोमवारपासून माझी नोकरी गेली.

आता मोठ्यानं वाच.

अम्मी, गिरणीनं मला कायम केलंय. अब्बांना म्हणावं, माझ्या मागावर धाकट्या फारूखला बसवा.

तुझा,
जहांगीर