सुमनचं मशीन

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरांनी मलाही सुमनचाच आजार सांगितलाय, झोपेत श्वास अडकण्याचा. म्हणून आज छावणीतल्या दुकानात, झोपताना मास्कमधून हवा देणारं मशीन बघायला गेलो. तिचं जुनं एक्स्चेंजमध्ये द्यावं म्हणून सोबत नेलं. ती जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून कपाटातच होतं.

दुकानदारानं नव्या मशीनचा मास्क लावला. श्वास आत गेला, पण बाहेर सोडवेना. स्कूटरवर समोरून वारं तोंडात शिरावं तसं. सुमन हेच म्हणायची, "अहो, श्वास सोडवत नाही." मी म्हणायचो, नखरे करू नको, सवय होईल. दोन रात्रींत तिनं ते काढून ठेवलं.

"थांबा काका," दुकानदार म्हणाला. त्यानं काहीतरी दाबलं आणि श्वास अलगद सुटला. सोडताना हवेचा जोर कमी होतो म्हणे. हेच द्या, म्हणालो.

मग त्यानं सुमनचं मशीन लावून पाहिलं. "नवं कशाला घेता? यातबी हाय की ते. कुणी चालूच केलं नाय."

तेच घेऊन परत आलो. समोर टेबलावर ठेवलंय.

श्वास सोडवत नाही, म्हणायची. दुकानात एक फोन केला असता तरी कळलं असतं. मी मात्र तिनं मास्क काढला म्हणून आठवडाभर तिच्याशी अबोला धरून बसलो.