न चाखता

११ ऑगस्ट
सिलिंडरचा रेग्युलेटर काढून निकिता लॅपटॉपच्या बॅगेत घालून ऑफिसला गेली! पोटची मुलगी! "आई, सेफ्टीसाठी गं." कारण काय, तर काल डाळ करपून कोळसा झाली आणि मी तिथेच उभी. वास येत नाही, त्याला मी काय करू? फेब्रुवारीत कात्रजहून येताना स्पीडब्रेकरवरून गाडीसकट उडाले, मेंदूला मार लागला, वास गेला तो गेलाच. हेल्मेट डिकीत होतं. डिकीला काही झालं नाही.

१३ ऑगस्ट
कर्वेनगरात कॉलेजच्या पोरांना डबे देणारी मी. "काकू, जिन्यात वास आला, आज कटाची आमटी ना?" असं विचारायची पोरं. आता कोणी विचारलं, काय करता, तर काय सांगू? झोपते. चिडते. विसरते. थेरपिस्ट बाई म्हणतात — नवी ओळख शोधा. आणि हातात चित्रं रंगवायचं पुस्तक देतात! फुलपाखरू होतं. जांभळं रंगवलं आणि वर काट मारली. माझी जुनी ओळख कुठे पडलीय ते मला पक्कं माहीत आहे — ओट्यापाशी. तिथे जाऊ द्या फक्त!

१४ ऑगस्ट
दुपारभर "झारा" हा शब्द आठवेना. "ते भोकांचं" म्हटलं. सगळे किती समजूतदार हसले! डोकं उठलं.

१९ ऑगस्ट
गौरींचा विषय निघाला. नैवेद्य दरवर्षी सासूबाई करतात, कोणाला हात लावू देत नाहीत. देवाआधी चाखायचं नसतं, म्हणून सगळं वासावर — आणि तरी त्यांची आमटी कधी चुकलेली नाही. यंदा गुडघे उभं राहू देत नाहीत. आमचे हे म्हणाले, "ताटं बाहेरून आणू." निकिता लगेच, "हो, ऑर्डर करू, चिल!" मी बसलेय समोर, पण विचारतंय कोण? तेवढ्यात सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "पूर्णिमा करेल."
हे आणि निकिता एकमेकांकडे बघत राहिले. मी म्हटलं, जमलं तर दसऱ्यापासून डबे सुरू. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही, फुलपाखरं रंगवीन. बोलून बसले खरी.

३१ ऑगस्ट
गौरी आल्या. रेग्युलेटरही आला. त्यालाही हळदकुंकू लावावंसं वाटलं.

१ सप्टेंबर
बट्ट्याबोळ.
पुरण उत्तम — उलथनं उभं राहिलं त्यात. पोळ्या फुगल्या. कटाच्या आमटीत मीठ घातलं. मग घातलं की नाही, आठवेना. डोकं नुसतं कोरं! हे कानाशी येऊन म्हणाले, "थेंबभर चाख ना, कोण बघतंय?" गौरींच्या आधी? नाही चाखलं. पुन्हा घातलं.
पंगत बसली. "वा!" हे म्हणाले. "सुपर झालीय, आई!" निकिता. शेवटी मी भुरका घेतला. नाक गेलं असेल, जीभ शाबूत आहे माझी! मीठच मीठ! आणि ही माणसं पाण्याचे घोट घेत घेत वाटी संपवतायत, पुन्हा "वा" म्हणतायत!
ओरडलेच. "डोक्यावर पडलेय मी, पण खोटं कळतं मला!" वाटी आपटली, आमटी ह्यांच्या नव्या झब्ब्यावर. पूर्वी कोणी नावं ठेवली की रडू यायचं. आज कोणी ठेवली नाहीत म्हणून रडले. घरची राहिलेच नाही मी. दुखावायचं नाही अशी कोणी पाहुणी आहे.
सासूबाई वा म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. खाली मान घालून जेवल्या.

२ सप्टेंबर
गौरी गेल्या. रेग्युलेटर मीच काढला आणि निकिताच्या बॅगेत ठेवून दिला.

४ सप्टेंबर
दुपारी घरात दोघीच. सासूबाई भिंत धरत स्वयंपाकघरात आल्या. "मीठ, तिखट, चिंच — सगळं आधी वाट्यांत काढून ठेवायचं. वाटी रिकामी म्हणजे घातलं. मी तसंच करते."
"तुम्हाला कशाला वाट्या? तुमचं तर सगळं वासावर—"
"कोरोनापासून मला वास नाही. तेव्हापासूनचे सगळे नैवेद्य असेच केले."
 इतकी वर्षं हॉलमध्ये बसून, नुसत्या वासावर माझ्या आमटीला नाकं मुरडणारी ही बाई!
"मग सांगितलं का नाहीत?"
"सांगितलं असतं, तर तू मला इथे उभं राहू दिलं असतंस?"
नसतं दिलं.