बुटांचे खिळे

१२ जून
पोचलो एकदाचा! तारेनं बांधलेला सायलेन्सर शेवटच्या खड्ड्यात पडलाच, त्यामुळे माझं आगमन सगळ्या वस्तीला ऐकू गेलं. वस्ती म्हणजे चार कॅरॅव्हॅन, पाण्याची टाकी आणि लाल माती. पलीकडे जुन्या खाणीचे ढिगारे. आधीच्या लोकांनी सोनं काढून उरलेला दगडचुरा तिथं ओतला. त्यांच्या हातून सुटलेलं आम्ही मेटल डिटेक्टरनं हुडकायचं.

जागा वर्ना ट्रेगियरची. सत्तरी उलटलेली, कुदळीला लोहचुंबक चिकटवलेलं, तोंडात शिवी. आधी काय करायचास म्हणाली. मेंढ्या कातरल्या, कोळंबीच्या बोटीवर होतो, हॉटेलात बशा धुतल्या. म्हणाली, म्हणजे कुठंच टिकला नाहीस. ये राजा, इथं तसलेच येतात.

मग नियम सांगायला लागली. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. सापडलेलं लोखंड मागे टाकायचं नाही, सामाईक ड्रममध्ये आणून ओतायचं, म्हणजे पुढच्याचा डिटेक्टर फसत नाही. पुढे पांढऱ्या ढिगाऱ्याचं काहीतरी होतं, पण तेवढ्यात एक हातभर घोरपड माझं बेकन घेऊन पळाली. मी तिच्यामागे. अर्धं वाचलं. झकास जागा आहे.

१४ जून
ठरवलं, या वेळी एक काम शेवटपर्यंत करायचं. एकच ढिगारा निवडायचा आणि पूर्ण विंचरायचा. पांढरा निवडला, कारण त्यावर कुणाच्याच पावलांचे ठसे नाहीत. मागे साखळी ओढत चालायचं. तिची रेघ दिसली की इथून झालं हे कळतं.

पायथ्याशी डिटेक्टर ओरडला. खणलं तर बुटांचे खिळे. बारके, गंजके, तळव्याच्या आकारात मांडल्यासारखे. शेजारी दुसरा तळवा. चुंबकानं सगळे उचलले, खड्डा बुजवला, हातानं सारखा केला. मलाच सापडला नसता पुन्हा. खिळे ड्रममध्ये.

आकाशात गुलाबी काकाकुव्यांचा थवा. बराच वेळ तेच पाहत बसलो.

१७ जून
पायाची बोटं बधिर. थंडी फार आहे, इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, पहाटे बादलीत बर्फ असतो. मोज्यांचे दोन जोड घातले. मोजे घातल्याचंही कळत नाही.

बॅरी म्हणून एक आहे पलीकडच्या कॅरॅव्हॅनमध्ये. म्हणाला, काय रे, बदकासारखा का चालतोस? सोनं कुठं लपवलंयस? सगळे हसले. मीही.

२० जून
उतारावर थोडं वर, कमरेच्या पट्ट्याचा बक्कल. पितळी, चांगला. ड्रममध्ये टाकवला नाही, खिशात ठेवला. खड्डा बुजवला.

२२ जून
उकळता चहा मांडीवर सांडला. कातडी लाल झाली, फोड आला. मी तो येताना पाहत होतो. दुखलं नाही.

वर्नानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. नर्सनं सुई टोचली, पायापासून कमरेपर्यंत. विचारत होती, इथं? इथं? मी नाही नाही म्हणत होतो. शेवटी ती माझ्याकडे बघेना. मोठ्या इस्पितळात तपासण्या करायला सांगितलंय. परत येताना वर्नानं, कुठल्या शर्यतीत पाय हरून आलास का, असं काहीतरी विचारलं. मला भीती वाटायला हवी होती. वाटत नाही. तीही जागा बधिर झाली असावी.

२४ जून
बसून, सरकत सरकत शोधतो. बटणं मिळाली. आणखी वर, एका रांगेत. अर्धा ढिगारा झाला. असं नेटानं मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

२५ जून
सकाळी शर्टाची गुंडी लावताना छाती लागेना. बोटांना कापड कळतं, छातीला बोटं कळत नाहीत.

वर्नानं टेबलावर बटणं पाहिली. कप तसाच हातात. कुठून आणलीस म्हणाली. सांगितलं.

म्हणाली, अरे गाढवा, हा जेगो. तिच्या आजोबांचा जोडीदार. तो गेला त्या उन्हाळ्यात जमीन इतकी कडक, की कुदळ उसळायची. म्हणून त्याला मऊ चुऱ्यात ठेवला, पाय खाली, डोकं वर. त्या ढिगाऱ्यावरून काही खाली आणायचं नाही. पहिल्याच दिवशी सांगत होते तर तू घोरपडीमागे धावलास.

तिच्या नवऱ्यानंही खिळे आणले होते एकदा. पाय गेले. जिथले तिथे परत ठेवले, पाय आले. जिथले तिथेच, असं ती दोनदा म्हणाली.

२६ जून
ड्रममध्ये सगळ्यांचे खिळे, सगळे सारखेच गंजके. बॅरी न हसता बादल्या भरभरून वर नेत होता. पण ठेवायचे कुठे?

मी खड्डे फार छान बुजवले होते. साखळीच्या रेघा वाऱ्यानं पुसल्या. डिटेक्टर फिरवला, खाली, मध्ये, सगळीकडे. गप्प. बोलायला आत काही ठेवलंच नाही मी.

हात खांद्यापर्यंत गेले. पेन्सिल बोटांना चिकटपट्टीनं बांधली आहे. अक्षर बघून काढतो.

२७ जून
वर्नानं ढकलगाडीत घालून माथ्याकडे नेलं. तिनंच डिटेक्टर धरला. आणि वाजला. लोखंडाची खरखर नाही. गोल, मऊ, गोड आवाज.

सोनं.

वर्ना म्हणाली, हे त्याचं तोंड. जोडीदाराचा वाटा कुणी खात नाही, म्हणून आजोबांनी त्याचा तुकडा त्याच्याच जिभेवर ठेवला होता. आता बरं झालं. इथं डोकं, म्हणजे खाली बटणं, बक्कल, पाय. मापून ठेवू. त्याला फक्त हात लावू नकोस राजा, तेवढं ऐक माझं.

ती बादली आणायला खाली गेली. चुरा मऊ होता. मला नुसतं पाहायचं—

ती ओरडली तेव्हा मी हाताकडे पाहिलं. मूठ मिटलेली. तिनं एकेक बोट उघडलं. आत तुकडा, बोराएवढा. कधी उचलला? हातानं मला सांगितलंच नाही.

तिनं तो परत टाकला. पण चुरा घसरला होता, वरचा सगळा उतार बसला. कुठं डोकं, कुठं—

२८ जून
इस्पितळाची गाडी निघाली आहे म्हणे. लांब आहे.

वर्नानं माझे सगळे कपडे काढले, अंगठी, पट्टा, सगळं. मग डिटेक्टर माझ्यावरून फिरवला.

तळव्यांशी खरखर. कमरेशी एक. छातीवर रांगेत—

तिनं मशीन बंद केलं. बॅरी बाहेर जाऊन उभा राहिला.

मान गेली. ओठ— बोललो तर आवाज निघाला नाही, वर्ना पुन्हा पुन्हा विचारते, काय म्हणालास, काय—

गाडीचा आवाज येतोय का? नाही—

थांब. काहीतरी कळतंय. इतक्या दिवसांनी. जिभेवर. गार, गोल, बोराए—