केशरच्या न्हाणीघरातला पाइप

अमरावती
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
केशरचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पंपहाउसच्या खडखडाटात तुझे कान गेले, त्यामुळे आपला फोन म्हणजे दोघा म्हाताऱ्यांची ओरडाओरड. त्यापेक्षा पत्र बरे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या अक्षरालाही काम नाही.

कारण असे की न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली आहे. आधी तळहाताएवढा डाग होता, आता कमरेपर्यंत चढला. पलीकडच्या खोलीत पुस्तकांचे कपाट आहे, त्याची मागची फळी फुगली. नितेश म्हणून एक प्लंबर आहे आमच्या कॉलनीत, त्याला बोलावले. त्याने भिंतीला कान लावला, टिचक्या मारल्या आणि म्हणाला की मावशी, आतली लोखंडी लाइन सडून राहिली, कुठून नेली ते मले का माहीत, अख्खी भिंतच फोडा लागते. मी म्हटले, थांब बाबा. सत्त्याण्णव साली घर बांधले तेव्हा ही लाइन माझ्या भावाने स्वतःच्या हाताने टाकली. तीस वर्षे अकोल्याला पाणी पाजलेला माणूस आहे तो, एका टाइलमध्ये काम सांगेल.

तर दादा, लाइन कुठून कशी नेली ते सविस्तर कळव. तोवर पाण्याचा मेन वॉल बंद ठेवून शेजारून आणलेल्या बादलीवर अंघोळ चालली आहे. ललितला आणि सूनबाई रश्मीला आशीर्वाद. लोभ आहे तो वाढव, आणि उत्तर लवकर टाक, नाहीतर तुझी बहीण पारोशी राहील.

तुझी
केशर


अकोला
१३ जानेवारी २०२५

चि. केशरला दादाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. त्या नितेशला सांग, भिंतीला कान लावून पाइप सापडत नसतो, ती काय तापाने फणफणली आहे? हल्लीच्या पोरांना फोडणे तेवढे येते.

आता नीट वाच. दरवाजाच्या चौकटीपासून उजवीकडे दोन वीत मोजायचे. तिथून लाइन खाली येते, पण सरळ नाही. कमरेच्या उंचीवर कोनाडा आहे. साबण आणि घासायचा दगड ठेवायला तुझ्या सुंदरावहिनीने हट्टाने करून घेतला. त्याला वळसा द्यायला मी दोन एल्बो टाकले. माझा संशय खालच्या एल्बोवर आहे, तिथली एकच टाइल काढ. जोड धागा आणि सफेदा लावून घट्ट करायचा. आणि मेन वॉल दर दोन महिन्यांनी एकदा फिरवत जा. न फिरवलेला वॉल ऐन वेळी जागचा हलत नाही, आणि मग घरभर पाणी होते.

सोबत नकाशा पाठवतो. पट्टी घेऊन चार दिवस बसलो होतो. पाइप सापडला की लगेच कळव, मला चैन पडणार नाही. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा दादा
बुधाजी


अमरावती
२१ जानेवारी २०२५

चि. रश्मीस,
आत्याबाईचा जयभीम व आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. फोनवर मी विचारते, तू सगळे ठीक म्हणतेस, आणि मलाही तेच ऐकायचे असते. म्हणून लिहून विचारते.

नितेशने दादाच्या मापाने टाइल काढली. आत कोरडी वीट. खालची काढली, बाजूची काढली, पाइपाचा पत्ता नाही. शेवटी सापडला तो त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखालून सरळ गेलेला. नितेश हसला, मीही हसले. मग तो गेल्यावर नकाशा पुन्हा उघडला आणि एकेक रेघ बोटाने तपासत गेले.

अगं, माझ्या न्हाणीत कोनाडा कधी नव्हताच. कोनाडा होता तो तुमच्या जुन्या घरात, सुंदरावहिनीच्या न्हाणीत. ते घर विकून पंधरा वर्षे झाली, वहिनी जाऊन नऊ. नकाशातला दरवाजा, खिडकी, बाहेरचा हौद सगळे त्या घरातले आहे, आणि बोटभरही चूक नाही. पत्र वाचताना मला तेव्हाच खटकायला हवे होते. पण दादाने सांगितले म्हणजे बरोबरच, ही माझी लहानपणापासूनची खोड.

माझा भाऊ कसा आहे, ते मला खरे खरे कळव.

तुझी आत्याबाई
केशर


अकोला
२७ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्यापासून लपवले याची क्षमा करा. मामाजींनीच आम्हा दोघांना शपथ घातली होती की केशरले सांगू नका, ते धावत येईन.

दीड वर्ष झाले. आधी नावे विसरत, मग दिवस. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो. दिवाळीआधी अशाच एका नळाच्या दिवशी वायसर बदलतो म्हणून त्यांनी तोटी काढली, मेन वॉल बंद न करता. मग तोटी हातात घेऊन अंगणात तसेच बसून राहिले. मी ऑफिसातून आले तर घरात घोट्यापर्यंत पाणी आणि ते मला विचारतात, बाई, तुमी कोन? त्यांनी आयुष्यात असे कधी केले नव्हते. त्या दिवशी यांनी पाने आणि हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. मामाजी अजून शोधतात. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार.

पण एक सांगते. तुमचे पत्र आले आणि मामाजींनी स्वतः दाढी केली. चार दिवस टेबलाशी बसले. एरवी दिवसातून दहादा सासूबाईंना हाका मारतात, त्या चार दिवसांत एकदाही नाही. वर्षभर आम्ही त्यांना बसा, राहू द्या, हात लावू नका एवढेच म्हणत आलो. त्यांना काही विचारले ते फक्त तुम्ही. आता रोज गेटपाशी उभे राहून विचारतात, केशरचा पाइप सापडला काय. मी काय सांगू?

आपली
रश्मी


अमरावती
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
केशरचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पाइप सापडला! तू सांगितलेस तिथेच, खालच्या एल्बोला. एकच टाइल फुटली. नितेशने कान पकडले, म्हणाला की मावशी, असा उस्ताद मीनं पाहिला नाही. भिंत आता वाळते आहे आणि मी रोज दोनदा अंघोळ करते.

आता स्वयंपाकघरातला नळ टपटपतो आहे. त्याला कोणता वायसर लागेल ते कळव, घाई नाही. पुढच्या महिन्यात मीच येते, तेव्हा समोरासमोर ओरडू. तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
केशर


अकोला
११ फेब्रुवारी २०२५

चि. केशरला दादाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझे पत्र मी मोठ्या तोऱ्यात ललितला वाचायला दिले. वाचता वाचता तो रडायला लागला. विचारले, काहून रडून राहिला रे, तर पत्र माझ्या हातात देऊन उठून गेला. तेव्हापासून विचार करतो आहे. आज सकाळी डोके साफ आहे, म्हणून लिहून टाकतो.

तुझ्या न्हाणीत कोनाडा नाही. तुझी लाइन खिडकीखालून सरळ जाते. कोनाड्याला वळसा मी सुंदराच्या घरात घातला होता. म्हणजे भिंत तू उगाच फोडलीस, आणि वर मला पाइप सापडला म्हणून लिहिलेस. शाळेत खोटे बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभे करणारी तू! रागावलो नाही मी. वाईट मात्र फार वाटले, तुझ्या खोटे बोलण्याचे नव्हे, तुला ते बोलावे लागले त्याचे.

वायसरचे नितेशलाच विचार. मी ललितला पेटी परत मागणार नाही.

मला भीती वाटते, केशर. घरातली माणसे माझ्याकडे बघून हसतात आणि मी त्यांची नावे शोधत बसतो. तुझे अक्षर आज ओळखतो, पुढचे सांगता येत नाही. तेव्हा पत्र लिहिशील तर वरतीच पुरते लिहीत जा, तुझी धाकटी बहीण केशर, अमरावतीची. आणि येणार असशील तर पुढचा महिना कशाला, याच आठवड्यात ये.

हे पत्र रश्मीला आत्ताच टपालपेटीत टाकायला देतो, दुपारपर्यंत मलाच ते परक्याचे वाटायचे. शेवटी लोभ असावा असे लिहायची रीत आहे. माझा तुझ्यावर फार लोभ आहे. हे आता तूच लक्षात ठेव.

तुझा दादा
बुधाजी