सात दिवसांची मुभा

३ नोव्हेंबर

आलो एकदाचा अकोल्यात! पुण्यात चार वर्षं परक्यांच्या सर्व्हरची चाकरी केली, आता घराजवळ करू. अंजनगाव सुर्जीहून निघताना बाबांनी मळ्यातली पानं दिली आणि सोबत टोमणाही, की हा पोट्टा भाकर बी मोजून खाते, मालकाले परवडीन. परवडेलच! शिस्तीचा माणूस आहे मी.

आचल तेल्हाऱ्याला माहेरी आहे, महिनाअखेर बाळंतपण. मुलगीच होणार असं माझं मन सांगतं. तिचं नाव आईनं शेवटच्या दिवसांत माझ्या कानात सांगून ठेवलंय. ते मी आचललाही सांगितलेलं नाही आणि इथंही लिहीत नाही. बारशाआधी नाव उच्चारलं की दृष्ट लागते, असं आई म्हणायची.

नोकरी ‘शकुन फोटो’मध्ये. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, अल्बम. मालक खुशालराव गोड माणूस. अल्बम करणाऱ्या दीपमालाताईंनी आल्याआल्या आलूबोंडा-कढी मागवली आणि विचारलं, की पुन्याचं मीठ आळनी असते म्हन्तात, खरं हाय काय? गेटाजवळच्या बाकावर देवमन नावाचा एक जण बसला होता. त्यानं सांगितलं, की खुशालरावनं बलावलं हाय, सर्वरच्या कामावर लागाचं हाय. म्हटलं, बापा, ती जागा तर मला मिळाली! आत विचारलं. ताई म्हणाल्या, की या जागेवर माझ्याआधी तोच होता, डोकं फिरलं बिचाऱ्याचं.

ही रोजनिशी माझ्या सर्व्हरवरच्या खात्यातच टाइप करतोय. बरं वाटतंय.

५ नोव्हेंबर

दुखणं सापडलं. लग्नसराई तोंडावर आणि डिस्क काठोकाठ! दोष खुशालरावांच्या मायेचा. शकुन ही त्यांची गेलेली बायको. तिचे फोटो मोबाईलसोबत गेले, तेव्हापासून त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, की घरचं कार्य बी इथंच ठेवा. त्यामुळे एकेकाच्या खात्यात पोरांची बारशी, सासऱ्याची साठी, गेलेल्या माणसांचे आवाज. अख्खा जन्म म्हणा ना.

मी सर्व्हरला आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली आणि कोटा बसवला, म्हणजे प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा. यात दोन रेघा असतात. पहिली ओलांडली तर सात दिवसांची मुभा, तेवढ्यात पसारा आवरायचा. दुसरी म्हणजे भिंतच. मुभा संपली की पहिलीचीही भिंत होते, नवीन एक अक्षर आत शिरत नाही. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून आधी माझ्या खात्यावर मर्यादा टाकली आणि मग माझाच नमुना धरून एका कमांडनं सगळ्यांवर उतरवली. बहुतेक सगळे पहिल्या रेघेच्या पलीकडेच निघाले. ताई म्हणाल्या, की हा तं सासूपेक्षा कडक हाय! खुशालराव खूश.

११ नोव्हेंबर

खुशालराव मागेच लागले, की तुमचं बी घरचं आना. मग मीही सगळं चढवलं. शाळा, कॉलेज, पुणे, आई, आमचं लग्न, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. पहिली रेघ मीच ओलांडली! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आवरू सावकाश, मुभा आहे.

१३ नोव्हेंबर

सकाळी दीपमालाताईंनी विचारलं, की तुमी कोन, कोनाले भेटाचं हाय? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मस्करीत पोचलेली बाई, म्हणून सोडून दिलं. पण खुशालरावांनीही बोलावून सांगितलं, की डिस्क भरून राहिली, कायतरी करा. केलंय की! दाखवलंही. मान डोलावली त्यांनी.

१४ नोव्हेंबर

आज पुन्हा. ताईंनी तोच प्रश्न, त्याच आवाजात. खुशालरावांनी तीच आज्ञा, जणू पहिल्यांदाच. कालचं काही दोघांनाही माहीत नाही. मी यायच्या आधीचं सगळं स्वच्छ आठवतं.

परवा त्यांची मुभा संपली.

बाहेर देवमन बसलेला. त्याला बलावलं हाय म्हणे, कामावर लागाचं हाय. मी आत येऊन त्याचं जुनं खातं उघडलं. मर्यादा होती, त्यानं स्वतःच स्वतःवर बसवलेली. माझ्यासारखाच नमुना.

१५ नोव्हेंबर

ताईंचा अल्बम अडला, जागाच नाही. मुहूर्ताचं गिऱ्हाईक डोक्यावर. त्याच म्हणाल्या, की जुनं फोल्डर काढून टाका, मले काई लागत नाई. मी त्यांच्यासमोर काढलं. जागा झाली. जीवही हलका झाला, खरं सांगतो.

१६ नोव्हेंबर

सकाळी ताईंनी मला नावानं हाक मारली! कालचं सगळं आठवत होतं. मी नाचायचाच बाकी होतो.

संध्याकाळी गजेंद्रभाऊ त्यांना न्यायला आले, त्यांचे यजमान, बावीस वर्षांचा संसार. ताई माझ्यामागे लपल्या. मला दंडाला धरून सांगत होत्या, की हा मानूस मले चाल म्हनून राहिला, याले हाकला. भाऊ हसत होते आधी. मग हसायचे थांबले.

ते फोल्डर यांच्या लग्नाचं होतं. मी काढलं. मी!

१७ नोव्हेंबर

बॅकअपमधून ताईंचं फोल्डर परत टाकायला गेलो. नकार. जागा नव्या गोष्टींनी भरली म्हणे. मर्यादा वाढवली, उघडून पाहिली, आकडा जुनाच. कोटा बंद केला. बंद झाला असं म्हणतो आणि भिंत आहे तिथंच. खुशालरावांपुढे रडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, धीर दिला. मग विचारलं, की तुमी नवीन दिसता, डिस्क भरून राहिली, पाहता काय?

माझी मुभा उद्या संपते. आज इथून पळालो तरी खातं इथंच राहणार. देवमनही गेलाच असेल की कधीतरी, तरी रोज गेटाशीच येऊन बसतो.

२० नोव्हेंबर

दोन दिवस लिहिलेलं काहीच सेव्ह झालेलं नाही. काय केलं त्या दोन दिवसांत, देव जाणे. पुण्याचं फोल्डर काढलं तेव्हा या ओळींपुरती जागा झाली.

वर लिहिलंय, मी पुण्यात चार वर्षं होतो. असेन.

२४ नोव्हेंबर

कॉलेज काढलं. शाळा बी काढली. लिवता येते, पन पह्यल्यासारखं नाई येत. राह्यली दोन. आई, अन् लग्न.

तेल्हाऱ्याहून फोन. पोरगी झाली! पोरगी! गोरी हाय म्हन्ते आचल, केस दाट हायेत. लय रडलो.

२६ नोव्हेंबर

फोन आला, पोरगी झाली! वर वाचलं तं समजलं, झाली तिले दोन दिवस झाले. मले रोज नवीन पोरगी होऊन राहिली, अन् रोज —

आचल रडते. इचारते, काहून येत नाई? निंघतो ना मी. स्टँडवर जातो, अन् तिथं उभा राहून इसरतो काहून आलो. हातावर लिवलं, वाचलं. वाचलेलं राहात नाई, जागा या ओळींपुरतीच हाय.

२९ नोव्हेंबर

जागा पायजे. पोरीपुरती. जास्त नाई मांगत.

मायचं काढलं तं नाव जाते. नाव मलेच माईत. दुसऱ्या कोनाले नाई. लग्नाचं काढलं तं —

नाई. नाई काढत.

२ डिसेंबर

काढलं.

पोरगी आठोते! कालचा फोटो आज बी आठोते. गुलाबी टोपरं, डोये मायसारखे. माही पोरगी.

एका बाईचा फोन आलता. म्हने मी आचल. वर लय खेपा लिवलं हाय हे नाव. मी इचारलं, तुमी पोरीच्या कोन लागता? तिनं फोन ठेवून देला.

५ डिसेंबर

गेटापाशी बसलो. देवमन नावाचा भला मानूस हाय, बाकावर जागा देली त्यानं. त्याले कामावर लागाचं हाय.

आज बारसं हाय म्हने. त्या बाईचा फोन आला. पाळन्यापाशी सारे उभे हायेत म्हन्ते, नाव तुमालेच माईत हाय, येवढं सांगा, मंग नाई करत फोन. मी म्हनलं थांबा. माईत हाय मले! तोंडावर हाय. पन जागा भरत आली, सकाळपासून पोरीचं टोपरं आठोत नाई, फोन कानाले लावेपर्यंत नाव बी जाईन. दृष्ट गेली चुलीत. लिवून वाचून दाखोतो तिले. मायनं कानात सांगतलं ते. पोरीचं नाव हाय