खडकवासल्याचा मंगोलियन हंस

पुणे, १० जानेवारी २०२६

ती. हिराआत्यास,
निकिताचा सप्रेम जयभीम. थंडीत तुझे गुडघे कसे आहेत ते खरे कळव. नुसते ‘बरे आहेत’ लिहू नकोस.

आधी दुरुस्ती. खडकवासल्याच्या काठावरचा हंस सैबेरियाचा, असे मी मागच्या पत्रात लिहिले होते. तो मंगोलियाचा निघाला. (लोणी काळभोरात तू ज्यांना ज्यांना सांगितलेस, त्यांनाही कृपया कळव.) शिवाय त्याच्या गळ्यातला पट्टा तिथल्या संशोधकांनी घातलेला आहे, त्यामुळे ‘मालकाला फोन कर’ हा तुझा सल्ला अमलात आणता आला नाही. पट्ट्यावरचा क्रमांक वाचायला मी चिखलात पालथी पडले होते. मागून आलेल्या एका आजोबांना वाटले, मला फीट आली. नको म्हणेपर्यंत फोडलेला कांदा नाकाशी आलासुद्धा. डोळ्यांना धारा लागलेल्या असताना वाचलेला क्रमांक कसा कळवायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन तपासला.

मग क्रमांक कळवला, आणि मंगोलियातल्या संशोधक बाईंचे उत्तर आले. पट्टा घालताना हंस धरायला तिथले मेंढपाळ मदतीला होते, वाटेत नेपाळमधल्या एका मास्तरांनी तो पाहून कळवले, आणि हिमालय ओलांडून तो आपल्याकडे उतरला. आत्या, एकमेकांची तोंडेही न पाहिलेली ही माणसे एका पक्ष्यासाठी एकमेकांना खुशाली कळवत राहतात. (आमच्या सोसायटीच्या दोन विंगना मिळून पाण्याची टाकी धुता येत नाही.) ते उत्तर वाचून मी घरभर फिरत होते.

शेवटी बाईंनी विचारले होते, हंस तिथे निवांत आहे ना? शाळेत जाण्याआधी घरी तूच शिकवलेस, की पाहिल्याशिवाय लिहायचे नाही. म्हणून एक अख्खा दिवस काठावर बसले आणि मगच ‘होय’ कळवले. (मध्ये दोनदा त्याने दचकून मान वर केली, तेही कळवले.)

तुझी,
निकिता

ता. क. माझ्या पत्रातले वर्णन वाचून तुझ्या रोहनने लग्नाआधीच्या फोटोंसाठी नेमका तोच काठ ठरवला आहे. ड्रोन, रंगीत धूर, स्पीकर, सगळे आहे. हंसांचा अख्खा थवा घाबरून एकदा उठला की पुन्हा तिथे उतरेल याची खात्री नाही, हे मी त्याला समजावले. तर म्हणतो, “ताई, उडाले तर फ्रेम अजून भारी येईल ना.” मेंढपाळ, मास्तर, संशोधक, सगळ्यांनी आपापले काम केले, आता फक्त तुझा मुलगा राहिला. तो माझे ऐकत नाही, तुझे ऐकेल.

आ. ता. क. तुझेही नाहीच ऐकले, तर त्याला सांग, ताई भांडणार नाही. कानटोपी घालून ती त्याच्या आणि नवरीच्या मधोमध उभी राहील, प्रत्येक फोटोत. रविवार, १८ जानेवारी, उजाडल्यापासून.